प्रोजेक्टचे काही मार्क पोरांना स्वतःच लिहू द्या, पण आपल्यासमोर बसून: बोर्ड ऑफ स्टडीजला खुलं पत्र

बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाच्या, सर्व सदस्यांना, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट गाईड म्हणून काम करणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला शिकवते. चौदा वर्षं झाली, दरवर्षी तीन-चार ग्रुप माझ्याकडे असतात, म्हणजे आतापर्यंत दीडशेच्या वर पोरांचे प्रोजेक्टचे मार्क मी माझ्या हाताने भरलेत. हे पत्र त्या मार्कांबद्दल आहे. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं नाही वाचलं तरी चालेल. प्रोजेक्टच्या टर्म वर्कमधले, म्हणजे वर्षभराच्या कामाला मिळणाऱ्या मार्कांमधले, थोडे मार्क विद्यार्थ्याने स्वतःला स्वतः द्यावेत, का दिले ते हाताने लिहावं, आणि तो कागद घेऊन गाईडसमोर दहा मिनिटं बसावं. मार्कांची चावी पोरांच्या हातात द्या असं मी म्हणत नाहीये. त्यांना विचारा तरी, एवढंच म्हणतेय, कारण आज आपण विचारतच नाही.

आज काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे पण एकदा लिहून ठेवते. मे महिना, ओरलचा दिवस, एका एक्सटर्नलकडे, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे, दहा-बारा ग्रुप, एका ग्रुपला पंधरा-वीस मिनिटं, त्यातली पाच तर लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्यात जातात. मग पीपीटी, मग डेमो, चालला तर चालला नाहीतर "मॅडम काल रात्री चालत होतं", मग प्रत्येकाला एखाद-दुसरा प्रश्न. टेबलावर काळ्या रेगझीनमध्ये बांधलेली, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुकं, म्हणजे प्रोजेक्टचे रिपोर्ट, पडलेली असतात ती कोणी तिसाव्या पानाच्या पुढे उघडत नाही. आणि संध्याकाळी शीट भरताना आपण काय लिहितो? ४५, ४५, ४४, ४५. चौघांना मिळून एकच मार्क, फक्त एखादा कमी-जास्त, सगळे सारखे दिसू नयेत म्हणून. मी हे केलंय, वर्षानुवर्षं केलंय, आणि ज्या कॉलेजांत मी एक्सटर्नल म्हणून गेले तिथेही हेच होताना बघितलंय. वाईट हेतूने कोणी करत नाही, पण चौघांपैकी कोणी काय केलं हे कळायला आपल्याकडे काही साधनच नाहीये.

मला हे पत्र लिहायला लावलं ते एका मुलाने. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ग्रुप होता, त्यातल्या एकाच्या घरी निफाडकडे कांदा चाळ आहे, त्यावरून त्यांनी विषय घेतला की चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजायची आणि ती हाताबाहेर जायला लागली की शेतकऱ्याला एसएमएस जायला पाहिजे. विषय साधा आहे, पण खरा आहे. चाळीत दमटपणा वाढला की कांदा सडायला लागतो आणि एक सडला की शेजारचे घेऊन जातो, हे ज्याच्या घरी चाळ आहे त्याला कोणी शिकवायला लागत नाही. ईएसपी ३२ बोर्ड, डीएचटी २२ सेन्सर, मेसेजसाठी सिम ८०० एल मॉड्यूल, सगळं सामान बुधवार पेठेतून आणलेलं. आणि मेसेज पाठवायची वेळ आली की अख्खं सर्किट रिस्टार्ट व्हायचं. तीन आठवडे. कोड बदलून झाला, लायब्ररी बदलून झाली, मॉड्यूल खराब आहे म्हणून दुसरं आणून झालं, तरी तेच.

ग्रुपमध्ये एक डिप्लोमावाला होता, थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. फार बोलायचा नाही. त्याने एका शनिवारी लॅबमध्ये डीएसओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला आणि मेसेज जाताना मॉड्यूलच्या पिनवरचा व्होल्टेज बघत बसला. त्याचं लॉगबुक माझ्याकडे अजून आहे. पेन्सिलीने आलेख काढलाय, ४.१ वरून सरळ ३.२ पर्यंत खाली येणारी रेघ, आणि बाजूला बाण करून लिहिलंय "इथे मरतंय". ते मॉड्यूल नेटवर्कशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि त्याला ३.४ च्या खाली व्होल्टेज चालत नाही. त्याने त्याला वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट, दिला, पिनांच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर टाकला, सगळं झिरो पीसीबीवर परत सोल्डर केलं आणि मेसेज जायला लागले. प्रोजेक्ट त्या शनिवारी उभा राहिला.

ओरलला एक्सटर्नलने इंग्रजीत विचारलं, यात नवीन काय आहे. उत्तर दिलं ग्रुपमधल्या चुणचुणीत मुलाने, छान दिलं. डिप्लोमावाल्याला विचारलं तर तो दोन वाक्यांत अडकला. शीटवर तिघांना ४४ आणि त्याला ४१. आणि खाली इंटर्नल म्हणून सही माझी आहे.

रिझल्टनंतर तो पेढे घेऊन आला. मी सहज विचारलं, तू स्वतः मार्क दिले असतेस तर किती दिले असतेस रे? त्याने खरंच विचार केला, आणि म्हणाला, पस्तीस. का? तर म्हणे कोड माझा नव्हता मॅडम, रिपोर्ट तर मी पूर्ण वाचलाही नाही, आणि आर्द्रतेचं रीडिंग शेवटपर्यंत बरोबर येत होतं का ते आम्ही दुसऱ्या मीटरने तपासलंच नाही. मी म्हटलं अरे आणि तो पॉवर सप्लाय? तर म्हणतो, ते तर करायलाच लागतं ना.

हे मला आजपर्यंत सोडत नाही. कारण बघा, त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या मला माहीत नव्हत्या, एक्सटर्नललाही नव्हत्या. आर्द्रतेचं रीडिंग तपासलं नाही ही त्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी चूक होती आणि ती कुठल्याही रिव्ह्यूमध्ये बाहेर आली नव्हती. आणि उलट बाजूने, जे काम मला सगळ्यात मोठं वाटलं ते त्याला काम वाटतच नव्हतं. त्याचे पस्तीस तसेच्या तसे उचलून मी शीटवर लिहिले असते तर ४१ पेक्षाही मोठा अन्याय झाला असता. पण त्या पस्तीसमागची कारणं ओरलच्या आधी माझ्यासमोर आली असती, तर मी त्याला ४१ वर राहू दिलं नसतं. म्हणून मी म्हणते की पोराने लिहिलेला आकडा हा निकाल नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते.

पुढच्या वर्षी मी माझ्या तीन ग्रुपवर अनधिकृत प्रयोग केला, शीटवर जाणाऱ्या मार्कांशी संबंध न ठेवता. ११ पोरं. एप्रिलच्या शेवटी एक फॉर्म दिला, स्वतःला ५० पैकी मार्क द्या आणि कारण लिहा. सगळे फॉर्म ४८, ४९, ५०. कारणाच्या रकान्यात "वर्क्ड हार्ड". एक मुलगा आख्ख्या सेमिस्टरमध्ये लॅबला चार-पाच वेळा आला असेल, त्याचे ५०. मी चिडले नाही पण त्याला विचारलं, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मॅडम आमचं ठरलं होतं सगळ्यांनी फुल लिहायचे, एकाने कमी लिहिले तर त्याचेच कमी होणार ना. आता यात त्याचं काय चुकलं? प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या ६० टक्क्यांची अट लावतात, घरी कर्ज काढून फी भरलेली असते, आणि मी ऐन शेवटच्या आठवड्यात त्यांच्यासमोर कागद ठेवून म्हणतेय की बाबा तूच तुझे मार्क काप. कोण कापेल? चूक माझी होती. कशाचे मार्क, ते मी सांगितलंच नव्हतं, पुरावा मागितला नव्हता, आणि वर्ष संपल्यावर विचारलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी जुलैतच सुरुवात केली. दोन जुनी ब्लॅक बुकं घेतली, नावांवर कागद चिकटवला, आणि नवीन ग्रुपांना म्हटलं यांना मार्क द्या. एकाच बुकाला एका ग्रुपने ४२ दिले, दुसऱ्याने २५. मग जो वाद झाला तो तासभर चालला, आणि मी फक्त फळ्यावर लिहीत होते. शेवटी त्यांच्याच तोंडून निघालेली मोजमापं फळ्यावर होती: चालतंय का. बंद पडलं तेव्हा काय केलं. दुसऱ्याने केलेला भाग मला समजावून सांगता येतो का. लॉगबुक त्या-त्या दिवशी लिहिलंय का एका रात्रीत. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्याकडे नेऊन बघितलं का. आपल्या छापील रुब्रिक्सपेक्षा, म्हणजे मार्क कशाचे द्यायचे त्या तक्त्यापेक्षा, ही मला बरी वाटली, आणि मुख्य म्हणजे ती त्यांची होती, त्यामुळे नंतर "मॅडमने कापले" असं म्हणायला कोणाला जागा राहिली नाही.

मग दोनदा लिहून घेतलं, एकदा ऑक्टोबरला पहिल्या स्टेजच्या शेवटी आणि एकदा एप्रिलला. वर्गात बसून, हाताने, चाळीस मिनिटं, मोबाईल टेबलावर. हाताने यासाठी की हल्ली कुठलाही रिपोर्ट चॅटजीपीटीकडून दहा मिनिटांत मिळतो, "मी माझ्या टीममध्ये महत्त्वपूर्ण भूमिका बजावली" असली वाक्यं मशीन ढिगाने देतं, पण कोणत्या मंगळवारी कोणती वायर उलटी जोडली होती ते मशीनला माहीत नसतं. मराठीत लिहिलं तरी चालेल असं सांगितलं, आणि हे फार महत्त्वाचं ठरलं. जी पोरं इंग्रजीत दोन ओळींत थांबतात ती मराठीत दीड पान लिहितात. मार्क कामाचे द्यायचेत की इंग्रजीचे हे आपण एकदा ठरवायला पाहिजे.

ऑक्टोबरमधला एक कागद सांगते. एका मुलीने स्वतःला ५० पैकी २२ दिले होते. लिहिलं होतं, सिनॉप्सिस मी लिहिली, पीपीटी मी केली, लॉगबुक माझ्या अक्षरात आहे, हार्डवेअर शून्य. आणि खाली, मला कोणी हात लावू दिला नाही असं नाही, पण मी मागितलंही नाही. आता हे आपल्या प्रत्येक बॅचमध्ये होतं. चौघांच्या ग्रुपमध्ये एक किंवा दोन मुली असल्या की "तुझं अक्षर चांगलंय" म्हणून रिपोर्ट तिच्याकडे जातो, सोल्डरिंग आयर्न मुलांकडे जातं, आणि चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून मुलगी बाहेर पडते तेव्हा तिने एक बोर्ड स्वतः बनवलेला नसतो. मी स्वतः बाई आहे, मी स्वतः याच वाटेने शिकलेय, आणि तरीही मला तिच्या बाबतीत हे दिसलं नव्हतं, कारण रिव्ह्यूला ती सगळ्यात छान बोलायची! कागद वाचल्यावर मी फक्त एवढंच केलं की ग्रुपला बोलावून कामं बदलली. पीसीबी तिच्याकडे, रिपोर्ट दोन मुलांकडे. पहिला बोर्ड तिने नको असलेलं तांबं काढणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये जास्त वेळ ठेवून खराब केला, तांब्याचे ट्रॅकच उडाले. दुसरा नीट झाला. एप्रिलला तिने स्वतःला ३९ लिहिले, मी ४१ दिले, आणि दोन मार्कांवर आमची जी चर्चा झाली ती माझ्या चौदा वर्षांतल्या चांगल्या व्हायवांपैकी एक होती.

हे मेमध्ये कळलं असतं तर काय उपयोग होता? म्हणून स्वतःचं मूल्यमापन वर्षाच्या मध्येच पाहिजे, शेवटी फक्त मार्क उरतात, दुरुस्तीला जागा उरत नाही.

त्या वर्षी ११ पैकी आठ जणांचे आकडे माझ्या आकड्याच्या पाच मार्कांच्या आत होते, दोघांनी बरेच कमी लिहिले होते, एकाने जास्त. अकरा पोरांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, म्हणून बाहेर काय झालंय तेही बघितलं. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय काढला की एक सर लगेच डनिंग-क्रुगर काढतात, म्हणजे ज्याला कमी येतं तोच स्वतःला जास्त समजतो हे. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. १९९९ च्या त्या कॉर्नेलच्या अभ्यासात जे विद्यार्थी सगळ्यात खालच्या पाव भागात होते, सरासरी १२ व्या पर्सेंटाईलला, म्हणजे शंभरातल्या बारा जणांच्याच पुढे, त्यांनी स्वतःला ६२ व्या पर्सेंटाईलच्या आसपास धरलं होतं. पण त्याच अभ्यासात वरच्या पाव भागातल्यांनी स्वतःला कमी धरलं होतं हे सर सांगत नाहीत, आणि माझा डिप्लोमावाला तर तिथेच बसतो. शिवाय त्याच लेखकांनी हेही दाखवलं की त्या विषयातलं थोडं शिकवलं की स्वतःबद्दलचा अंदाजही सुधारतो. म्हणजे काम कसं जोखायचं हे शिकवल्याशिवाय आकडा मागितला तर तो चुकणारच, जसा माझ्या पहिल्या प्रयोगात चुकला. फाल्चिकोव्ह आणि बाऊड यांनी १९८९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र तपासणी केली होती, त्यातही पुढच्या वर्गातले विद्यार्थी नवख्यांपेक्षा स्वतःला जास्त अचूक मार्क देतात असंच निघालं. मग पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये पहिल्याच वर्षाला जे प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग आलं, तिथे मार्क न लावता नुसती सवय लावा, आणि शेवटच्या वर्षाला मार्क जोडा. यात अवघड काय आहे?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एव्हरग्रीन म्हणून एक कॉलेज आहे, १९७१ ला सुरू झालं, तिथे ग्रेडच नाहीत. शिक्षक लेखी मूल्यमापन लिहितो, विद्यार्थी स्वतःचं स्वतः लिहितो, आणि दोघं समोरासमोर बसून त्यावर बोलतात. मी आपल्याकडे ग्रेड काढून टाका असं म्हणत नाहीये, ते आपल्याला परवडणारं नाही, पण ते समोरासमोर बसणं तेवढं घेता येतं. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ तर १९७४ पासून प्रोजेक्टवरच चालतं, परीक्षा ग्रुपची एकत्र होते पण मार्क प्रत्येकाला वेगळे. मधे तिथल्या सरकारने ग्रुपची परीक्षा बंदच करून टाकली होती, एकेकाचं काम कळत नाही म्हणून, काही वर्षांनी परत आणली. म्हणजे हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

कोणी म्हणेल ग्रुपमधल्यांनी एकमेकांना मार्क द्यावेत, त्याची तर तयार पद्धत आहे. आहे, इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात वेबपीए म्हणून बनवलेलं सॉफ्टवेअर हेच करतं. प्रत्येकाने प्रत्येकाला गुण द्यायचे, त्यातून प्रत्येकाचा एक गुणक निघतो, सरासरी १, आणि ग्रुपच्या मार्कांना त्याने गुणायचं. ग्रुपला ४० असतील आणि तुझा गुणक १.१ आला तर तुला ४४, ०.८ आला तर ३२. कागदावर उत्तम आहे. पण आपल्याकडे चौघं एकाच हॉस्टेलच्या खोलीत राहतात, एकाच गावचे असतात, एकाची बाईक चौघं वापरतात. ते आदल्या रात्रीच ठरवतात सगळ्यांनी सगळ्यांना सारखं. आणि जिथे पटत नाही तिथे उलट होतं, तिघं मिळून एकाला पाडतात, आणि तो एक कोण असतो, बऱ्याचदा वेगळ्या जातीचा, वेगळ्या बोलीचा, मधूनच ग्रुपमध्ये टाकलेला. हे मी बघितलंय. म्हणून एकमेकांचे मार्क नुसते वापरू नका. स्वतःचा कागद, लॉगबुक, आणि गाईडशी बोलणं हे तिन्ही शेजारी ठेवलं की खोटं फार वेळ टिकत नाही.

आणि एक गोष्ट, ही जरा टोचेल पण बोलायलाच पाहिजे. स्वतःचं मूल्यमापन आपण आत्ताही करून घेतोच की. इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या फाईलसाठी कोर्स एक्झिट सर्व्हे असतो ना? सेमिस्टरच्या शेवटच्या लेक्चरला, शेवटच्या पाच मिनिटांत, गुगल फॉर्म, "हा कोर्स आउटकम तुम्हाला किती साध्य झाला", १, २, ३. आख्खा वर्ग ३ वर बोट ठेवतो आणि कँटीनला जातो. मग ते आकडे अटेनमेंटच्या, म्हणजे कोर्सचं उद्दिष्ट किती साधलं त्याच्या, एक्सेल शीटमध्ये इनडायरेक्ट असेसमेंट म्हणून बसतात. म्हणजे पोरांचं स्वतःबद्दलचं मत आपल्याला फाईलला चालतं, पण त्यांच्या स्वतःच्या मार्कांना नाही. आणि पोरांना हे बरोबर कळतं की आपल्याला विचारतायत पण उत्तर कोणाला नकोय. एनबीएच्या प्रोग्राम आउटकम्समध्ये टीममध्ये काम करणं आहे, आयुष्यभर शिकत राहणं आहे. स्वतःचं काम स्वतः तपासता आल्याशिवाय आयुष्यभर कसं शिकणार कोणी? नोकरीत तर पहिल्याच वर्षी अप्रेझलचा फॉर्म येतो आणि त्यात पहिला रकाना स्वतःच्या रेटिंगचा असतो, माझे जुने विद्यार्थी फोन करून विचारतात मॅडम काय लिहू. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतः केलेलं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन असावं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जे आपण सहावीतल्या मुलाला करायला सांगणार ते बावीस वर्षांच्या इंजिनिअरला करू देत नाही.

गाईडवर बोजा पडेल हे मला मान्य आहे, मी पण त्याच बोजाखाली आहे. माझ्याकडे बारा पोरं, प्रत्येकी दहा मिनिटं, वर्षातून दोनदा, म्हणजे चार तास. चार तास आपण एका एनबीएच्या मीटिंगमध्ये घालवतो. हे चार तास मात्र टाईमटेबलमध्ये लावून द्या, नाहीतर ते बोलणं कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या होईल आणि सही घेऊन पोरगं निघून जाईल.

तर मागते ते असं. प्रोजेक्टच्या टर्म वर्कमधले ५० पैकी १० मार्क विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आकड्याला द्या. पूर्ण ५० नको, एवढ्यात नको. आकड्यामागे किमान तीन गोष्टी लॉगबुकच्या तारखेसह दाखवता आल्या पाहिजेत. गाईडचा आकडा आणि त्याचा आकडा यात दोनपेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी बोलायचं, आणि बोलून जे ठरेल ते कारणासकट लिहून ठेवायचं. गाईडने मार्क वाढवले तरी कारण लिहायचं, कमी केले तरी लिहायचं. ऑक्टोबरच्या कागदाला मार्कच नकोत, तो फक्त कामं नीट वाटली गेलीत का हे बघायला. आणि एक्सटर्नलच्या हातात ओरलच्या आधी तो एप्रिलचा कागद द्या, म्हणजे त्या पंधरा मिनिटांत तो "यात नवीन काय" विचारण्याऐवजी "हा व्होल्टेज ३.२ ला आला तेव्हा तू काय केलंस" असं त्या पोराला विचारू शकेल, आणि ते तो मराठीत सांगेल, व्यवस्थित सांगेल.

स्वतःला कायम कमी लिहिणाऱ्या पोरांबद्दल एक वेगळी सूचना गाईडना द्या ही माझी कळकळीची विनंती आहे. जास्त लिहिणारा पकडायला सगळेच बसलेले असतात. कमी लिहिणाऱ्याला कोणी म्हणत नाही की अरे थांब, तू हे पण केलंस. खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातली, घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअर होतंय अशी पोरं, आणि मुली, यांच्या कागदावर मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यांचा आकडा जसाच्या तसा स्वीकारणं म्हणजे त्यांना आयुष्यभर जे सांगितलं गेलं त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारणं.

एका पानाचा फॉर्मचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, मराठी किंवा इंग्रजी कशातही लिहायची मोकळीक त्यात ठेवलीये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रुप पडतात, त्याच्या आधी हा विषय बैठकीत घेतलात तर याच बॅचपासून सुरू करता येईल. स्वायत्त कॉलेजांना तर त्यांच्या स्वतःच्या बोर्डात हे ठरवता येईल, त्यांनी वाट बघत बसू नये. आणि ज्या गाईडना मंजुरीच्या आधीच करून बघायचंय त्यांनी माझ्यासारखं अनधिकृतपणे करा, फक्त माझ्या पहिल्या वर्षासारखं एप्रिलमध्ये सुरू करू नका.

आपली,
एक प्रोजेक्ट गाईड